जेवढं काढाल, तेवढं घाला

हे गेल्याचा फोन शेजारी माथुरांकडे आला, तेव्हा आमच्या मागच्या अंगणात बंब पेटलेला होता. थंडीचे दिवस, ऑफिसातून आल्यावर ह्यांना कढत पाण्याने आंघोळ लागायची. माथुरभाभी कुंपणापाशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. "भाईसाहब को दफ़्तर में..." एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं." ...आज काही आठवडे उलटले, पण त्या 'बरं'च्या पुढे मी फारशी सरकलेली नाही.

विम्याच्या नोकरीत ह्यांची बदली जयपूरला झाली, तेव्हा मी म्हटलं होतं, "तो बंब साताऱ्यालाच राहू दे." तांब्याचा जुना बंब, मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. हे म्हणाले, "एक वेळ तुला मागे ठेवीन, बंब नाही." आणि खरंच, ट्रकमध्ये तो माझ्या कपाटाआधी चढला. जयपुरात, मुरलीपुऱ्यातल्या घरी दर रविवारी चहा झाला की हे बंबापाशी बसायचे. जाळी काढून राख झाडायची, बांबूला गोणपाट गुंडाळून नळीतली काजळी उतरवायची, चिंच-मीठ लावून तांबं लखलखीत करायचं. मी चिडवायची, "झालं का सवतीचं न्हाणं?" "वेळच्या वेळी बघितलं नाही तर धुमसते ती, तुझ्यासारखीच," हे उत्तर तयार. घरात एक नियम मात्र सगळ्यांना पाठ होता: गरम पाणी जेवढं काढाल, तेवढं गार वरून घाला. रिकाम्या बंबात विस्तव राहिला तर सांध्यांचे डाग सुटतात आणि बंब कामातून जातो.

आणि हाच माणूस दिवाळीत छातीत दुखतंय म्हणाला, पण डॉक्टरकडे काही गेला नाही. मी मागे लागले तर म्हणाले, "रविवारी बघू." रविवारी बंब साफ केला. ह्याचा मला राग यायला हवा. अजून तोही नीट येत नाही.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी स्मशानातून परतलेली माणसं, शेजारची आणि ऑफिसातली, अंगणातच आंघोळीला थांबली. कुणीतरी बंब पेटवला होता. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. बायका म्हणत होत्या, "भाभीजी, रो लीजिए." रडू येत नव्हतं. ऐकू येत होती फक्त बंबाची तोटी. बादलीमागून बादली भरत होती, पण वरून पाणी पडल्याचा आवाज नाही. इथल्या लोकांना बंब कुठला माहीत! मी उठून दारात गेले आणि ओरडले, "जितना निकाला, उतना डालो!" बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच त्यांना वाटलं असणार. आमची शुभा तेवढी धावली आणि कळशीने वरून पाणी घालू लागली. दिवसभरात मी तेवढं एकच वाक्य बोलले.

शुभा कॉलेजात आहे. तिची मराठी आता अर्धी इथलीच. पुढे एकदा म्हणाली, "आई, मतलब... आपण गीझर लावून टाकू ना? बंब कबाडीवाला भैया घेऊन जाईल." मी "बघू" म्हटलं. तिचंही काय चुकलं? ह्यांच्यामागे बंबाच्या साफसफाईला कुणी हात लावला नव्हता. पेटवला की अंगणभर धूर कोंदायचा आणि पाणी कोमटच राहायचं. तिने गीझरवाल्याला आणि कबाडीवाल्याला सोमवारी बोलावलं. सोमवारी बंब जाणार, आणि ह्यांचा रविवारही त्याच्याबरोबर जाणार. हे मला कळत होतं, पण नको म्हणायलाही तोंड उघडेना.

आदल्या दिवशी चहा झाला आणि मी बंबापाशी जाऊन बसले. का, ते सांगता येणार नाही. बांबूला गोणपाट तसंच गुंडाळलेलं होतं, गाठ ह्यांचीच. नळीतून काजळीचे पोपडे पडले, खालून घमेलंभर राख निघाली. मग बंब पेटवला. जाळ सरळ वर ओढला गेला, धुराची रेघसुद्धा नाही... आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धुरावर ढकलायचीही सोय नव्हती.

शुभा टॉवेल घेऊन आली ती दारातच थबकली. मग म्हणाली, "आई, त्या भैयाला नको म्हणून सांगू?"

मी पदराने तोंड पुसलं. "आधी आंघोळ कर," म्हटलं.

तिने बादली भरून घेतली. मी काही सांगायच्या आत कळशी उचलली आणि वरून पाणी घातलं, काढलं होतं तेवढं.