गुरुजींचं अळणी व्रत

"पण डॉक्टरांपुढे बांगड्याचं नाव काढायची गरज होती का?"

हातखंब्याला एस.टी.तून उतरल्यापासून गंगाराम गुरुजींनी हाच धोशा लावला होता. आता ओटीवर टेकून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

त्यांच्या पत्नी तुळसाबाई पायांवर पाणी घेत होत्या. त्यांचा गुन्हा एवढाच होता. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं, तेव्हा गुरुजी छाती काढून म्हणाले, आमच्या घरात मिठाला थारा नाही. त्यावर तुळसाबाई म्हणाल्या, खारा बांगडा तेवढा असतो, दोन्ही वेळेला. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

ब्याऐंशी साली गुरुजी निवृत्त झाले. शिकवायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घरच्यांना धरलं. ब्लडप्रेशर निघालं आणि त्यांना विषयच मिळाला. एकट्यासाठी वेगळं रांधायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा. वरण अळणी, भाजी अळणी, पेज अळणी. सून नंदा मागीलदारी बसून चोरून लोणचं खायची. आणि गुरुजी? अळणी पेज घशाखाली उतरत नाही म्हणून निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा घ्यायचे. पावसाळ्याच्या बेगमीचे बांगडे स्वतः निवडून आणायचे, अंगावर मिठाचे खडे दिसतील तेच. भिजवू द्यायचे नाहीत, चव जाते म्हणून. त्यांच्या शास्त्राप्रमाणे डब्यातलं मीठ तेवढं मीठ. माशातलं मीठ म्हणजे मासाच.

गुरुजींना शिकवणार कोण? प्रेशर चढत गेलं, गोळ्या वाढत गेल्या, आणि तूच वरणात गुपचूप मीठ टाकतेस, असं ते बायकोला ऐकवत राहिले.

आज डॉक्टरांनी तुळसाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर एक दिवस अर्धं अंग जाईल. थोरल्या दिरांचं तसंच गेलं होतं. त्यांचं हगणंमुतणं तुळसाबाईंनी काढलं. गुरुजी दारातूनच तब्येत विचारून शाळेत जायचे.

"माझी लाज काढलीस," गुरुजी म्हणाले.

तुळसाबाईंनी पदराला हात पुसले आणि नंदाला हाक मारली. बांगड्यांचा डबा शेजारच्या काशीकडे देऊन ये, म्हणाल्या.

"मग मी जेवू कशाशी?"

"एक अर्धं अंग मी सांभाळलंय, दुसरं सांभाळणार नाही. आजपासून या घरात खारा मासा येणार नाही. आमच्या वरणात आम्ही बेताचं मीठ घालू. तुमचं पातेलं वेगळं."