आंद्रेई नावाचा माणूस

अंबरनाथच्या ज्या कंपनीत मी खरेदी विभागात कारकून होतो, तिथे गोळ्या-चॉकलेटांना कागद गुंडाळणारं एक मोठं मशीन इटलीहून यायचं होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मशीन बसवायला तिकडचा एक तंत्रज्ञ तीन आठवड्यांसाठी येणार होता आणि त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये विचारलं, कुणाची इटालियन शिकायची तयारी आहे का? कुणी काही बोलायच्या आत माझा हात वर गेला होता.

उल्हासनगरला आमच्या घराजवळ एका सिंधी काकांचं रद्दीचं दुकान होतं. त्यांनी ढिगातून इंग्रजीतून इटालियन शिकवणारं एक जाडजूड पुस्तक शोधून दिलं. रोज संध्याकाळी मी गॅलरीत बसून क्रियापदं घोकायचो. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आपण बोलतो. शेजारच्या सिंधी मावशींना वाटायचं मी कसला तरी पाठ करतोय. एकदा त्यांनी आईला विचारलंही, की हा कुठल्या देवाचा जप आहे.

वर्तमानकाळ पाठ झाला, भूतकाळ बऱ्यापैकी झाला. शाळेत मराठीच्या बाईंनी स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ शिकवले होते. इटालियनमध्येही तसलंच प्रकरण होतं, पण प्रत्येकाची रूपं वेगळी आणि अनियमित क्रियापदं शेकड्यानं. पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग सगळा ‘केलं असतं’, ‘करावं’, ‘करीन म्हणतो’ यांचा होता. तो मी उघडलाच नाही. ऑफिसात मात्र पुस्तक संपवलं म्हणून सांगितलं.

कंपनीच्या गेटवर एक वॉचमन होते. साठी उलटलेली, उंच, अंगावर खाकी सदरा, बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. तरुणपणी ते लढाईवर गेले होते आणि पकडले जाऊन इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत राहिले होते, एवढं आम्हांला ऐकून माहीत होतं. तंत्रज्ञ येणार असल्याचं कळल्यावर ते एक दिवस दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आले आणि संकोचत म्हणाले, “साहेब, मला पण थोडं येतं त्यांचं बोलणं.”

तेव्हा आजूबाजूला चार-पाच जण डबे उघडून बसले होते. मी म्हटलं, बोलून दाखवा. बाबांनी पाच-सहा शब्द सांगितले. मांजा, बेवी, वियेनी, दोर्मी. खा, पी, ये, झोप. मी त्यांना विचारलं, ‘मी खाल्लं’ कसं म्हणाल? ‘आम्ही खाणार’ कसं म्हणाल? ते विचार करायला लागले आणि मी सगळ्यांकडे पाहून हसलो. “बाबा, तुमच्याकडे नुसता आज्ञार्थ आहे,” मी म्हटलं. “कैद्याला हुकूम सोडतात, तेवढंच शिकलात तुम्ही.” बाकीचेही हसले. बाबा गेटवर परत गेले. संध्याकाळी मॅनेजरांनी विचारलं की वॉचमनला सोबत घ्यायचं का, तेव्हा मी सांगितलं, त्यांना व्याकरण येत नाही, गोंधळ होईल.

तंत्रज्ञ आला. पस्तिशीचा, गोरापान, भराभर बोलणारा. पहिल्याच वाक्यात माझा पाय घसरला. त्याचा एक शब्द मी पकडायचो आणि त्याचं रूप मनातल्या तक्त्यात शोधेपर्यंत तो चार वाक्यं पुढे गेलेला असायचा. मी मान हलवायचो. मशीनचे नकाशे होते, फिटर लोक हुशार होते, त्यामुळे काम अडलं नाही. माझं सोंग फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, तो शेडमध्ये काम करता करता खाली बसला आणि आडवाच झाला. चेहरा पांढराफटक. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याला कुठे दुखतंय ते विचारायचं होतं आणि मला ‘दुखणे’ हे क्रियापद कुठल्या गटातलं, तेच आठवेना. मी खरोखर उभा राहून ते आठवत होतो. तेवढ्यात कुणीतरी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मीठ-साखरेचं पाणी ओठांना लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बेवी. पियानो, पियानो.” पी, सावकाश, सावकाश. त्यानं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरला.

त्यानंतर तो रोज दुपारचं जेवण गेटवरच्या खोलीत घेऊ लागला. मी खिडकीतून बघायचो. बाबा बोलायचे कमी, पण दोघांचं छान चाललेलं असायचं. निघायच्या दिवशी विमान गाठायची घाई होती, गाडी सुरू होती. तेव्हा बाबांनी त्याला आपली खरी गोष्ट सांगायला घेतली, हातवारे करत, शब्द अडला की मराठीत. छावणीतून निसटल्यावर डोंगरातल्या एका घरानं त्यांना आठ महिने शेळ्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यात लपवलं होतं. खा, पी, झोप हे शब्द त्या घरच्या बाईचे होते, पहारेकऱ्यांचे नव्हते. हे मला तिथे उभं असताना कळलं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि ती गोष्ट अर्धीच राहिली.

दीड-दोन महिन्यांनी त्याचं कंपनीच्या पत्त्यावर पत्र आलं, आत बाबांसाठी म्हणून एक वेगळा कागद. मॅनेजरांनी तो माझ्या हातात दिला, म्हणाले, गेटवर जाऊन वाचून दाखव. बाबा खुर्ची सोडून उभे राहिले. मी वाचायला लागलो. आभार कळले, तब्येत बरी आहे हे कळलं. मग दोन वाक्यं आली, त्यांतलं निम्मंही कळेना. ‘आवडणे’ दिसत होतं, ‘नाव’ दिसत होतं, ‘पाएझे’ म्हणजे देश हे पाठ होतं. पुढचं वाक्य मोठ्या अक्षरानं ‘आंद्रेई’ असं सुरू होत होतं आणि शेवटी ‘कुटुंब’ होतं. मी न अडखळता सांगितलं, “त्याला आपल्या देशाचं नाव आवडलं. आणि आंद्रेई व त्याचं कुटुंब तुम्हाला नमस्कार सांगतात.”

“आंद्रेई कोण?” बाबांनी विचारलं.

“असेल कुणी त्यांच्या घरातला.”

“त्यानं मला काय विचारलं नाय?”

“नाही,” मी म्हटलं.

पत्र मी ऑफिसच्या कामासाठी म्हणून ठेवून घेतलं. खरं तर ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये, असं मला वाटत होतं. पुढच्या वर्षी बाबा नोकरी सोडून पाड्यावर गेले. त्यांच्या निरोपाच्या चहाला मी गेलो नाही.

नव्वदनंतर कंपनी बंद पडली. तोवर माझं लग्न होऊन आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आलो होतो. बायको शाळेत शिकवायची आणि मी काही महिने घरी बसून होतो. वेळ जाईना म्हणून ते पुस्तक पुन्हा काढलं आणि या वेळी काही न गाळता पहिल्या पानापासून सुरुवात केली. श्रावणात कधीतरी मी त्या शेवटच्या भागापर्यंत पोचलो. संकेतार्थाचा तक्ता होता, ‘जाणे’ या क्रियापदाचा. पहिलंच रूप, आंद्रेई. मी गेलो असतो, मी जाईन.

मी तसाच उठून पेटीतलं पत्र शोधलं. आता ती दोन वाक्यं सरळ समोर होती. त्या गावाचं नाव कळलं तर मला आवडेल. मी स्वतः जाऊन त्या कुटुंबाचा शोध घेईन. ‘पाएझे’ म्हणजे देश आणि गावसुद्धा. बायको शाळेतून आली तेव्हा मी कागद धरून बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “उद्या जाऊन या.”

पाड्यावर भातलावणी संपली होती. बाबा ओट्यावर दोरी वळत बसले होते, खूप वाळलेले. मी कबुली दिली. आंद्रेई नावाचा कुणी माणूस नाही, हे सांगताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गावाचं नाव सांगितलं. कागद न बघता, एका दमात. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते. त्याच दिवशी मी तंत्रज्ञाला पत्र टाकलं.

उत्तराला अडीच महिने लागले. तो खरंच त्या गावी जाऊन आला होता. घर होतं, गोठा पडला होता. घरच्या मुलीला, आता ती साठीची होती, गोठ्यावरचा हिंदी सैनिक आठवत होता. तिनंही दोन पानं लिहिली होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली. लढाई संपल्यावर बरीच वर्षं आई पोस्टमनला विचारायची, की हिंदुस्थानातून काही आलं का.

ती पत्रं घेऊन पाड्यावर जाताना वाटेत माझ्या मनात आलं, पोस्टमनचं ते वाक्य वगळावं. पण या खेपेला वाचलं. जसं होतं तसं.

बाबा दोरी वळता वळता ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “दोन वर्सं झाली तिला?”

“हो.”

“आणि ते पयलं पत्र?”

“सहा वर्षांपूर्वीचं.”

त्यांनी बोटांवर काही मोजलं नाही. दोरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “वाचता येत नाय, असं सांगायचं व्हतं साहेब. मी दुसऱ्या कुणाला दावलं असतं.”

आवाज चढलेला नव्हता. त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. तो पिण्याचं मला धैर्य होत नव्हतं, आणि न प्यावा तर तेही वाईट दिसलं असतं, म्हणून प्यालो.

नंतर त्यांनी मला इटलीतल्या त्या मुलीला उत्तर लिहायला सांगितलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पुढच्या तीन वर्षांत पाच पत्रं आली, पाच गेली. मी डिक्शनरी घेऊन जायचो. शब्द अडला की थांबून सांगायचो, हा मला येत नाही, आणि ते म्हणायचे, बघा मग, घाई नाय. बाबा वारल्यावर त्या मुलीला कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले. त्यात माझ्या चुकीबद्दलही लिहिलं. तिचं उत्तर आलं, बाबांविषयी प्रेमानं लिहिलेलं. माझ्या चुकीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.