संत्र्याच्या पानातले धागे

माझ्या मामाची कळमेश्वरजवळ संत्र्याची बाग होती. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तिथली काही झाडं शेंड्यापासून वाळायला लागली. शेजारी म्हणाले, मुळं कुजली. मामाने उकरून पाहिलं तर मुळं ठणठणीत. मग तो पानांची पिशवी घेऊन थेट नागपूरला माझ्या प्रयोगशाळेत आला. मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते, आणि आमच्या घराण्यात शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला तेवढं पुरेसं होतं.

"पाह्य वं पोरी, काय होऊन राहिलं याले," तो म्हणाला.

मी पानाचा पातळ काप काचेवर ठेवून आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी दिसल्या, बुरशी कुठेच नाही. मामाचा चेहरा पडला. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी टाकीतल्या एका पाणवनस्पतीचं पान लावून दिलं. पेशींतले हिरवे कण गोल गोल फिरत होते. मामाने डोळा लावला तो काढेचना.

"अरे, हे तं जित्तं आहे! रहाटासारखं फिरून राहिलं!"

"पण तुझ्या झाडांचा रोग यात दिसायचा नाही, मामा. विषाणू असेल तर तो फार बारीक. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो."

शहरातल्या एका संस्थेत तो नुकताच आला होता. यंत्र सांभाळणारे सर शिस्तीचे आणि मोजकं बोलणारे. त्यांनी परवानगी दिली, पण काप मी करायचे या अटीवर. पानाच्या शिरेचे तुकडे रसायनांत मुरवायचे, त्यांतलं पाणी काढायचं, राळेत घट्ट बसवायचे आणि ताज्या मोडलेल्या काचेच्या धारेने कापायचे. काप पाण्यावर तरंगतो. रुपेरी चमकला तर जमला, जांभळा दिसला तर जाड. माझे तीन आठवडे जांभळेच निघाले. एकदा जमल्यासारखे वाटलेले काप शिंकेने उडाले. चौथ्या आठवड्यात कापांची रुपेरी फीत तरंगली, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

बघायच्या दिवशी मामा इस्त्रीचं धोतर नेसून हजर. माणसाहून उंच असा तो धातूचा खांब पाहून त्याने विचारलं, "डोळा कुठं लावाचा साहेब?"

"वरून नाही," सर म्हणाले. "वर तापलेली तार आहे. तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, कापातून आरपार जातात आणि खालच्या पडद्यावर पडतात. तिथे चित्र उमटतं."

"अन् भिंग?"

"काचेचं भिंग इथे चालत नाही. तारेची वेटोळी आहेत, त्यांच्या चुंबकाने इलेक्ट्रॉन वळवायचे."

बाजूला पंप घरघरत होता. आतली हवा काढली नाही तर इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आपटून भरकटतात, हे मी सांगितलं.

"म्हंजे जरीपटक्याच्या भरल्या बाजारात सायकल हाणल्यासारखं," मामा म्हणाला. सर पहिल्यांदा हसले.

"पन उजेडानंच काहून नाई दिसत? दिवा मोठा लावा ना."

"दाभणाने मलमलीवर बारीक कशिदा निघेल का?" सरांनी विचारलं.

"मलमल फाटन."

"तसंच. उजेडाची लाट विषाणूपेक्षा जाड आहे. दिवा वाढवून ती बारीक होत नाही. इलेक्ट्रॉनची लाट मात्र फारच बारीक."

खोलीत अंधार केला. हिरवट पडदा उजळला. आधी निरोगी झाडाचा काप पाहिला, त्यात काही नव्हतं. मग आजारी झाडाचा. सर बटण फिरवत गेले, पेशीच्या भिंती सरकल्या, आणि रस वाहणाऱ्या नळीत लांब, लवचीक धाग्यांच्या जुड्याच जुड्या दिसल्या. हाच तो विषाणू. मी मामाचा हात घट्ट धरला.

"फिरत काहून नाई हे?" त्याने कुजबुजत विचारलं.

"हवा नाही, पाणी नाही. यात जिवंत काही ठेवताच येत नाही, मामा."

"अन् रंग?"

"रंग उजेडाबरोबर गेला," सर म्हणाले. "ही हिरवी चमक पडद्याची. फोटो काळा-पांढराच येणार."

मामा माझ्याकडे वळला. "मंग तुह्या दुर्बिनीत जीव दिसते, अन् यांच्या दुर्बिनीत जीव घेनारा."

औषध सरांकडे नव्हतं, आणि त्यांनी तसं साफ सांगितलं. पण तो फोटो पाहून कृषी अधिकाऱ्यांनी सल्ला दिला: आजारी झाडं काढा, हा विषाणू पसरवणाऱ्या मावा किडीवर फवारा, नव्या कलमांना निरोगी झाडाचेच डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, भरा. मामाने जड हाताने झाडं तोडली. बाकीची बाग वाचली.

फोटोची एक प्रत त्याने मागून घेतली, नागपूरच्या महाल भागातून फ्रेम करून आणली आणि बैठकीत टांगली. येणारेजाणारे तो एक्स-रे समजायचे. एका शेजाऱ्याने तर काळजीने विचारलं, "छातीचा होय का गा? डॉक्टर काय म्हनते?"

"डॉक्टर माही भाचीच होय," मामा म्हणाला. "पेशंट बरा आहे. औंदा बहार आला त्याले."