एका डोळ्याचं पाणी

माझं डोकं दुखायला लागलं की मी चालते. आडवं पडवत नाही, बसवत नाही, कुणी शेजारी येऊन बसलं तर त्याला हाकलून द्यावंसं वाटतं. आमच्या अकोल्याच्या घरात स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत एकवीस पावलं होतात. दिवाळी सरली की महिना-दीड महिना, रोज दुपारी तीनच्या सुमारास, मी ती एकवीस पावलं मोजत असते. उजव्या डोळ्याच्या मागे कुणी पाटा मांडून वाटण वाटत बसलं आहे, असं ते दुखणं. तो डोळा गळतो, त्याची पापणी उतरते, त्याच बाजूचं नाक वाहतं. डावी बाजू कोरडी ठणठणीत. तासाभरानं सगळं ओसरतं आणि मी चहा ठेवते.

डोकं दुखणाऱ्या बाईनं कपाळाला फडकं बांधून अंधारात पडून राहावं, अशी आमच्याकडे रीत. मी ती पाळत नाही, त्यामुळे माझ्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. नणंद तर तोंडावर विचारायची, "डोकं दुखून राहिलं त हिंडून कावून राहिल्या वयनी?" दातांच्या डॉक्टरनं माझी एक चांगली दाढ काढली. दुसऱ्यानं सायनस सांगितला, तर वर्षभर वाफा घेतल्या. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. डोळ्यामागचं वाटण चालूच.

मागच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा, तिनंच पसंत केलेला. मी आधी नाही म्हणाले होते, त्याची नोकरी कच्ची होती म्हणून. मग तो घरी आला, आणि जेवून झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवून आला. मला तो आवडला. पण "आवडला" असं मी लेकीला तोंड भरून म्हटलं नाही. मी सकाळच्या शाळेत शिकवते, पोरांच्या वह्यांवर 'छान' लिहितानाही माझा हात जड होतो, तिथं हिला काय म्हणणार.

दिवाळीनंतर बस्ता बांधायला सगळे अमरावतीला गेलो. दुकानात दोन्हीकडची माणसं गादीवर बसलेली, शालूंच्या घड्या उलगडलेल्या, आणि पावणेतीन वाजले. मी उठले. बाहेर रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागले. आतून सगळे काचेतून बघत होते. मुलगी हातात एक शालू घेऊन दारात आली. "आई, हा कसा वाटते?" मी म्हणाले, "घे तुले पाहिजे तो," आणि तोंड फिरवलं. गळणारा डोळा तिला दिसू नये म्हणून. ती शालूची घडी करत आत गेली.

का लपवलं, असं आता मलाच वाटतं. पण लग्नघरातलं दुखणं बाहेर काढायचं नसतं, हे आमच्या हाडीमांसी भिनलेलं. व्याह्यांच्या कानावर 'मुलीच्या आईला डोक्याचं काहीतरी आहे' एवढंच जातं, आणि मग ते 'डोक्याचं' कुठल्या कुठं पोचतं. लेकीचं ठरलेलं लग्न माझ्या डोळ्यापायी मोडायला नको होतं मला.

पुढच्या आठवड्यात पत्रिकांचं काम सांगून एकटीच अमरावतीला गेले, मेंदूच्या डॉक्टरकडे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुखताना पडून राहता की फिरता?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी अंगठ्यानं मान दाबली, खांदा दाबला, मग दंड, मग चक्क पोटरी. प्रत्येक ठिकाणी मी कळवळले आणि आता हे म्हणणार, बाई नाजूक आहे, म्हणून वाट बघत बसले. ते म्हणाले, "याला क्लस्टर हेडेक म्हणतात. या दुखण्यात काहींचे स्नायू फार हळवे होतात. थोड्या दाबानंही दुखतं, डोक्यापासून लांबच्या जागीसुद्धा. तपासणीत काही सापडणार नाही, पण दुखणं खरं आहे." गोळ्या दिल्या, आणि दुखणं सुरू होताच मास्क लावून ओढायला ऑक्सिजनचा सिलिंडर लिहून दिला.

फक्त नवऱ्याला सांगितलं. त्यानं सिलिंडर आणून तांदळाच्या पिंपामागे ठेवला आणि वर चादर टाकली. घर पाहुण्यांनी भरलेलं, मास्क लावून बसायला जागा कुठली? सिलिंडर तसाच राहिला. मी चालत राहिले.

मुलीला मागून येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची सवय. त्या दिवसांत ती टेकली की मान झणझणायची. दोनदा मी अंग चोरलं. तिसऱ्यांदा वसकन् ओरडले, "हात लावू नको अंगाले!" त्यानंतर ती आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज अजून वाटते.

लग्नाच्या चार दिवस आधी कासारीण घरी आली. आधी मुलीचा हिरवा चुडा भरला, मग माझा हात घेतला. वीस वर्षं हीच बाई मला बांगड्या भरते. तिनं अंगठ्याखालचं मांस जरा चेपलं आणि मी हात ओढून घेतला. बांगडी वाढली. जमलेल्या बायका तुकडे वेचू लागल्या. तितक्यात डोळ्यामागे वाटण सुरू झालं, म्हणून मी उठून चालायला लागले.

"राहू द्या मावशी," मुलगी उभी राहून म्हणाली. हिरव्यागार हातांनी. "तिले हे लग्नच नाई पायजे. बस्त्याच्या दिवशीबी रस्त्यावर रडून राहिली होती. मी पायलं."

इतक्या बायकांत लेकीच्या तोंडून ते ऐकलं, आणि तरी पाय थांबत नव्हते. याहून वाईट काय दिसणार होतं!

कासारीण बसल्या जागेवरून म्हणाली, "बस वो माय. वीस वर्षं झाले, तुह्या मायचा हात भरून राहिली मी. लहान मापाची चढवली तरी हूं नाई करे. आज त म्या चेपलंबी नाई धड. हा रुसल्याचा हात नोहे, दुखऱ्याचा हाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अन् रडते म्हणतं, त एकच डोया कावून रडून राहिला तिचा?"

मुलगी माझ्यासमोर आली. मी थांबेना, म्हणून तीच माझ्यापुढे उलटी चालू लागली, माझ्या तोंडाकडे बघत. दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "डावा कोरडा हाय."

"तांदळाच्या पिंपामागं सिलिंडर हाय," मी म्हणाले. "आण."

पंधरा-वीस मिनिटांनी मास्क काढला आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, पोटरी, मान, व्याह्यांची भीती. शेवटी म्हणाले, "पोरगा मले आवडते. पयल्या दिवसापासून आवडते."

"हे सांगाले तुले ऑक्सिजन लागला?" ती म्हणाली आणि रागानं रडायला लागली. डोळे पुसत माझ्यासमोरच तिनं त्याला फोन लावला. मी जीव मुठीत धरून बसले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कार्यालयात सिलिंडर ठेवायला जागा बघून ठेवली का.

लग्नाच्या दिवशी तीन वाजता मी कार्यालयाच्या कोठीघरात होते. तोंडाला मास्क, नळी पुरेल तितकी दोन पावलं इकडे, दोन तिकडे. दाराशी नणंद खुर्ची टाकून बसलेली. जो येईल त्याला सांगत होती, "वयनीचं डोकं दुखून राहिलं. हिंडू द्या तिले."

पाच वाजता पाठवणी. बायका मुलीला घट्ट धरून रडत होत्या, एकीच्या मिठीतून दुसरीच्या. माझ्यापाशी आली तेव्हा ती हातभर लांब थांबली. नुसतं माझ्या पदराचं टोक धरलं. मग तिनं माझा उजवा डोळा बघितला. मग डावा.

"आई," ती म्हणाली, "आज दोन्ही."

आणि मग तिनं सगळी काळजी सोडून मला आवळलं, हनुवटी थेट खांद्यावर. खांदा झणझणला. मी तिला आणखी जवळ ओढलं.