बद्द वाजलेली फळी

माझी आत्या होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायची. पिळलेला कापूस फटीत घालायचा, बोथट पटाशी टेकवून लाकडी मोगरीने ठोकत आत बसवायचा आणि वरून लुकण भरायचं. एकोणिसाव्या वर्षापासून तिने दुसरं काही केलं नाही. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "एका घरात एक ठोकणारं माणूस पुरे."

होड्या बांधायचे माझे बाबा, तिचे थोरले भाऊ. फळी बाबांनी बसवायची आणि आत्याने वाजवून बघायची, असं तीस वर्षं चाललेलं. पक्की बसलेली फळी खणखणीत वाजते, सैल असली की फुटक्या मडक्यासारखी बद्द. आत्याने नकारार्थी मान हलवली की बाबा मुकाट्याने फळी काढायचे. एवढा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही, आईला तर नाहीच.

मग माझ्या नवऱ्याची होडी बांधायला घेतली. तो आणि त्याचे दोन भाऊ तिच्यातून खोल समुद्रात जाणार होते, दहा-दहा दिवसांच्या फेऱ्यांना.

बाबांचं वागणं तेव्हाच बदललं. हाताखालचे दोन्ही सुतार त्यांनी काढून टाकले. एक म्हणे कामचुकार, दुसरा तोंडाळ. दोघंही तसे नव्हते. दुपारनंतर शेडचं दार आतून लावून घ्यायला लागले. जेवताना पेला घ्यायला गेले की हात आधी ताटावर टेकायचा, मग चाचपत पेल्यापर्यंत जायचा. आई म्हणाली, दमतात हल्ली. आत्या त्या हाताकडे बघत राहिली.

पुढचं आत्याने मला फार नंतर सांगितलं. फटी बुजवून झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे मोगरीने फळ्या वाजवल्या. डाव्या अंगाला, पाण्याखाली जाणाऱ्या भागात एक फळी बद्द वाजली. शेजारचीही तशीच. ती टॉर्च घेऊन होडीत उतरली. आतून रंग देऊन झाला होता. बाबा एवढ्या लवकर कधीच रंग देत नसत. तिने नखाने खरवडलं. खाली भुसा आणि सरस. त्याखाली एका खिळ्याच्या जागी तीन भोकं, एकमेकांना खेटून, आणि ज्या आडव्या लाकडावर फळ्या ठोकतात ती बरगडी उभी चिरलेली. अशा पाच बरगड्या निघाल्या.

वर आली तर बाबा बाजूलाच उभे.

"दादा, तुला दिसतं का?"

"सकाळी दिसतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी हाताला कळतं."

"कळलं असतं तर तीन भोकं पडली नसती. पोरीचा नवरा जाणार आहे हिच्यातून."

"म्हणूनच सांगतोय, गप्प बस. सासऱ्याने आंधळ्या हाताने होडी बांधली हे तिच्या सासरी कळलं तर? ही शेवटची. चिरा मी भरल्यात. समुद्र सांभाळून घेतो."

"समुद्र कुणाचा मामा नाही, दादा."

बाबांनी हात जोडले. तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "कुणाला सांगणार नाही," म्हणाली आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा रोज संध्याकाळी होडीवरून हात फिरवून यायचा. टिकतील असे जिन्नस मी डब्यांत भरत होते. त्या आठवड्यात समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. नवरा म्हणाला, "पाण्यात सोडली की तशीच खोल समुद्रात न्यायची."

होडी सोडायच्या आदल्या दुपारी बाबा आडवे झाल्यावर आत्या शेडमध्ये गेली. पाण्याखालच्या एका फटीतून तिने आपणच भरलेला कापूस हातभर उपसला. वरून नुसतं लुकण थापून रंगाचा हात दिला. पटाशी घसरून अंगठा फाटला, तो तिने पदरात गुंडाळला.

होडी सोडायला अर्धा गाव जमला. कमरेएवढ्या पाण्यात ती पाव तास छान तरंगली, मग डावीकडे कलायला लागली. दोर लावून चाळीस-पन्नास जणांनी ती मागे ओढली. पाण्याने जड झालेलं ते धूड वाळूला टेकलं आणि त्याच्या पोटात काडकन आवाज झाला. मग आणखी चार, एकामागून एक. लोकांना वाटलं, दोर तुटतोय. बाबांनी ओळखलं, बरगड्या.

नवऱ्याने फटीत बोट घातलं. "आत्या, यात कापूसच नाही. हे तुमचं काम?"

"माझंच."

"विसरलात?"

"माझं काम आहे, एवढंच सांगते."

कुणीतरी हसलं. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "माझ्या नवऱ्याला बुडवायला निघाली होतीस?" ती अंगठा धरून उभी राहिली. बाबा दोन पावलांवर होते. बोलले नाहीत.

आठ दिवसांत ती अधूनमधून कामाला जायची त्या बाकीच्या शेडवाल्यांनी तिला निरोप पाठवले, येऊ नका. नवव्या दिवशी बाबा भिंत चाचपत आमच्या घरी आले आणि नवऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. म्हणाले, "तिने कापूस काढला म्हणून तू इथे बसलायस." नवरा उठला आणि त्यांना हात धरून घरी सोडून आला. मी आत्याकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "चल, होडी मोडायची आहे. दोन हात जास्त लागतील."

तुटक्या बरगड्या काढताना तिने शेजारी बसलेल्या बाबांना अचानक विचारलं, "दादा, आधीची होडी?"

आधीची होडी वर्षापूर्वी लांबच्या बंदरातल्या तीन भावांनी नेली होती. तेव्हा आत्याचा हात मोडलेला. फटी दुसऱ्याच कुणी बुजवल्या आणि वाजवून कुणीच पाहिलं नव्हतं.

"तेव्हा दिसत होतं?"

"तेव्हा दुपारीही दिसायचं," बाबा म्हणाले. "थोडं."

नवऱ्याने फोन लावले. ते तिघे भाऊ दक्षिणेकडे गेलेत एवढंच कळलं, त्यांचा नंबर बंद. दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

नवऱ्याने दुसरीकडून होडी बांधून घेतली. बाबांची शेड बंद आहे, त्यांना आता सकाळीही दिसत नाही. धक्क्याला परकी होडी लागली की आत्या चालत जाते आणि खलाशांना त्या भावांची खूण सांगते: मधला लंगडतो, धाकटा फार बोलतो. मागच्या महिन्यात एकजण थबकला. "होडीचा रंग कुठला?" तिने सांगितला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नाही, माझा काहीतरी घोळ होतोय," आणि लगबगीने निघून गेला.

ती घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कोण होतं?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "मीठ घेऊन आलेली होडी होती."