निळ्या वाळवंटातला बुधाजी

अकरावीच्या वर्गात हजेरी घेत होते, तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. हजेरी संपवूनच पाहू म्हटलं. सगळी नावं वाचून झाली, खडू हातात घेतला आणि मग पाहिलं. शेजारच्या पार्वताकाकूंच्या मुलाचा निरोप होता, ‘आई सकाळी गेली.’ मी मुलांना धडा मनातल्या मनात वाचायला सांगितला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले... त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. तेव्हा ब्रह्मपुरीच्या आजूबाजूला धानाची कापणी चालू होती. आता शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्यात आणि काकूंविषयी चार ओळी लिहायला मला कुठे धीर आला आहे.

पार्वताबाई दोनाडकर म्हटलं की नागभीड रस्त्यावरच्या गावांतली माणसं अंगणवाडीची आठवण काढतात. तीस वर्षं त्यांनी पोरांची वजनं केली, खिचडी वाढली, लसीला घाबरून पळणाऱ्यांना कडेवर घेऊन परत आणलं. ते सगळं तेराव्याला बोलून झालं, आणि खरंच होतं. पण मी चार वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून भाड्याने राहते, आणि मला ठाऊक असलेल्या काकू निराळ्या होत्या. त्या फॅनफिक्शन लिहायच्या. दुसऱ्या कुणी रचलेल्या जगात शिरून तिथे आपली गोष्ट मांडायची, त्याला असं म्हणतात, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं, आणि मी मराठीची प्राध्यापक.

झालं असं की, निवृत्तीनंतर दुपारी त्या टीव्हीवर एक डब केलेली परदेशी मालिका पाहू लागल्या, ‘निळं वाळवंट’. राणी झिऱ्याना, सेनापती थोर्वाख, जादूगार ओक्सुमिर असली मंडळी, उडती जहाजं, वाळूत राहणारे साप. शेवटच्या भागात शहर बुडतं, राणी जहाजात बसते आणि सेनापती उरलेल्या लोकांना वाळूत सोडून निघून जातो. मालिका संपली तशा काकू तणतणत माझ्या दारात आल्या. “तेवढे लोक राह्यले न तिथी. म्हातारे, लेकुरवाळ्या. अन् कोनीच काई बोललं नाई व.” मी म्हटलं, काकू, ती खोटी माणसं आहेत. त्या तशाच वळून घरी गेल्या. आठवड्याने त्या एक कोरं उरलेलं हजेरीचं रजिस्टर घेऊन आल्या. त्यात सुबक, गोल अक्षरात पुढची गोष्ट लिहिलेली होती. मागे राहिलेल्या लोकांना आणायला वाळूवरून चालणारी एक लांबलचक होडी येते. तिला घंटी असते. सीटा भरल्या तरी उभ्याने घेतात, पण कुणाला ठेवून जात नाहीत. आणि या होडीवरच्या माणसाचं नाव असतं बुधाजी.

गोष्टी टाकायचं एक ॲप माझ्या भाचीने मला दाखवलं होतं. मी हौसेने काकूंचे हप्ते त्यावर टाइप करू लागले, लेखिकेचं नाव नुसतं ‘काकू’. पण पहिल्याच दिवशी मी त्यांना ऐकवलं, झिऱ्याना, थोर्वाख यांच्या मांडीला मांडी लावून बुधाजी कसा बसेल? प्रत्येक जगाचा एक नियम असतो, नावं त्या जगाला शोभली पाहिजेत. मास्तरकीची खोड, दुसरं काय. काकू शांतपणे शेंगा सोलत होत्या. “थोर्वाखच्या मायनं त्याले पयल्यांदा हाक मारली असन, तवा तिले ते साधंच नाव वाटलं असन ना?” मग त्यांनी अंगणवाडीचं उदाहरण दिलं. त्यांच्या शेवटच्या वर्षीच्या हजेरीत एक एंजल होती, एक कियांश होता आणि त्यांच्या मधोमध डोमा होता. तिघंही एकाच चटईवर बसून खिचडी खायचे आणि कुणाचंही नाव कुणाला टोचत नव्हतं.

काकूंना नाही टोचलं, पण वाचणाऱ्यांना टोचलं. ॲपवर पुण्यामुंबईकडची कॉलेजातली पोरं त्या मालिकेची भक्त होती. गोष्ट त्यांना आवडत होती, पण खाली प्रतिक्रिया यायच्या, ‘हा बुधाजी कुठून उगवला’, ‘नाव बदला, मूड जातो’. एकाने तर हसण्याचे दहा चेहरे टाकले. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर वाईट कमी आणि लाज जास्त वाटली, कारण टाइप करणारी मी होते. एका रविवारी मी बसले आणि अकराच्या अकरा हप्त्यांत बुधाजीचा ‘बुधारोख’ करून टाकला. काकूंना विचारलं नाही. दोन दिवसांत वाचक दुप्पट झाले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचून दाखवायला गेले. पहिला परिच्छेद ऐकून त्यांनी विचारलं, “हा कोन?” मी सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणून त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवस रजिस्टर आलं नाही. बोलणं बंद नव्हतं, लाखोळीच्या डाळीचे वडे केले तर वाटी भिंतीवरून यायची, पण गोष्टीचं नाव नाही. शेवटी मीच गेले. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे कंडक्टरभाऊ, दाढी करायला बाहेर गेले होते. भाऊंनी एसटीत उभी हयात काढली, सगळी गल्ली त्यांना कंडक्टरभाऊ म्हणते, आणि दारावरच्या पाटीवर आडनावाशिवाय काही नाही. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, काकू, चुकलं असेल तर बोला. त्यांनी सूप खाली ठेवलं. “तुले मालूम नाई काय व, त्याहिचं नाव?” मला खरंच माहीत नव्हतं... आणि त्याच क्षणी माहीत झालं.

लग्नात एकदा बायांनी धरून नाव घ्यायला लावलं होतं, तेही इतकं हळू की कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं काकूंनी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. बुधवारालासुद्धा त्या ‘लसीचा वार’ म्हणायच्या, आणि मी इतके दिवस ते कामाचं वेड समजत होते. घरात ‘अवो’, बाहेर ‘कंडक्टर’. हे ‘कंडक्टर’ नावही काकूंनीच पाडलेलं. काकूंची नवी नोकरी होती तेव्हा एकदा संध्याकाळी अंगणवाडी बंद करायला उशीर झाला आणि नेमकी भाऊंची शेवटची बस सुटली. मागून पळता पळता नावाने हाक मारता येईना, म्हणून त्या हातातला स्टीलचा डबा बडवत “अवो कंडक्टर, अवो कंडक्टर” ओरडत सुटल्या. गाडी थांबली, सगळे प्रवासी हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. “तोंडानं घेनं काई झालं नाई,” काकू म्हणाल्या. “हातानं लिवाले कोन मना करते? म्हनून लिवलं. भल्या मानसाचं नाव भल्या ठिकानी.” मग म्हणाल्या, “पन त्याहिले नको सांगू बाई. मले लाज वाटते.”

त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा फार कमी वेळा आला असेल. मी घरी येऊन आधी अकरा हप्त्यांमधला बुधारोख हाकलला. वाढलेले वाचक आले तसे गेले. पण जे उरले त्यांच्यातल्या एकीने लिहिलं, ‘बुधाजी परत आला, बरं झालं. आमच्या गावालाही त्याची गाडी येऊ द्या.’ ते काकूंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टर भिंतीवरून आलं. पुढचं दीड वर्ष त्या लिहीतच होत्या. बुधाजीने थोर्वाखला पण होडीत घेतलं, उभ्याने.

मग पोटाचं दुखणं निघालं. नागपूरच्या वाऱ्या झाल्या, एक ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी शेवटचं भेटले ती दुपार होती. भाऊ नळावर पाणी भरत होते. काकूंनी उशाखालून एक नवं रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं, त्यात गोष्ट पहिल्यापासून नव्याने लिहिली होती. शेवटचे काही हप्ते वेड्यावाकड्या अक्षरात होते. “मी असतानी नको,” त्या म्हणाल्या. “मी गेल्यावर त्याहिले वाचून दाखवजो. मंग मले लाज नाई लागनार.” मी हो म्हटलं, आणि काहीतरी खोटंही बोलले, बऱ्या व्हाल वगैरे. त्यांनी माझा हात थोपटला, जसा एखाद्या लसीच्या पोराचा थोपटत असतील.

आणि वचन दिलेली मी काय केलं? टाळत राहिले. तेरावं होऊ दे, परीक्षा होऊ दे, असं करत महिना गेला. भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसलेले दिसायचे, रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन बसायची सवयही सुटली होती. जेवायचे की नाही कुणास ठाऊक. मला भीती वाटायची... आयुष्यभर न घेतलेलं नाव मी, भाड्याने राहणारी बाई, त्यांच्या तोंडावर म्हणणार, आणि त्यांना ते आवडलं नाही तर? मग कळलं की मुलगा बुधवारी गाडी घेऊन येतोय, बाबांना कायमचं नागपूरला न्यायला. मंगळवारी कॉलेजातून आले, भाऊंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली, तशी मी चप्पल न काढता रजिस्टर घेऊन अंगणात गेले.

“भाऊ, काकूंनी लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवायला सांगितलं होतं.” त्या काही लिहायच्या एवढंच त्यांना माहीत होतं. बारीक अक्षर त्यांना चष्म्यातूनही दिसत नाही, आणि विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं नसतं. मी सुरुवात केली. निळी वाळू, बुडालेलं शहर, मागे राहिलेली माणसं. होडीची घंटी ऐकू येते आणि पायरीवर उभा असलेला माणूस म्हणतो, सावकाश चढा, सगळ्यांना जागा आहे. त्याचं नाव बुधाजी. भाऊंनी मान वर केली. “कोन?” मी परत वाचलं. “हं,” ते म्हणाले आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

मी चार हप्ते वाचले. मध्ये एकदा त्यांनी मला थांबवलं. “डबल घंटी देल्याबिगर गाडी हालत नाई. इथी एकच लिवली तिनं. हजारदा बसली माह्या गाडीत, मालूम होतं तिले.” मी म्हटलं, घाईत राहिलं असेल. पाचव्या हप्त्यात होडी सुटते आणि मागून एक बाई वाळूतून पळत येते. तिला हाक मारता येत नाही, म्हणून ती डबा बडवते. होडीत घेतलेली राणी म्हणते, एका बाईसाठी काय थांबायचं. बुधाजी म्हणतो, हिच्यासाठीच तर ही गाडी लावली. मी वाचून वर पाहिलं तर भाऊ पंच्याने डोळे पुसत होते, लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. मलाही पुढची ओळ दिसेना. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि मला वाटतं, महिनाभरात पहिल्यांदाच तिथे बसणं जड नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, “या बाईचं नाव काय लिवलं?” मी पान चाळलं, पुढची पानं चाळली. कुठेच नव्हतं. सगळीकडे नुसतं ‘एक बाई’. सगळ्या राज्याला नावं वाटणाऱ्या काकूंनी स्वतःला तेवढं ठेवलं नव्हतं. “मंग लिवा,” भाऊ म्हणाले. मी रजिस्टर मिटलं. एकदा या गोष्टीतलं नाव न विचारता बदलून बसले होते, आता विचारायला त्या नव्हत्या. “भाऊ, मी नाही बदलणार,” मी म्हटलं आणि पेन त्यांच्याकडे दिलं.

त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, जागा मी बोटाने दाखवली. ‘एक बाई’च्या वर, तिकिटांच्या हिशेबाच्या सवयीने एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी लिहिलं, पार्वता. लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचलंही. चार वर्षांत त्यांच्या तोंडून मी ‘ऐकलं काय’ याशिवाय काकूंसाठी दुसरी हाक ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला आणि एकटाच परत गेला. मॅडमजवळ अजून अठरा हप्ते बाकी आहेत, मग पाहू, असं भाऊंनी त्याला सांगितलं. आता रोज चार वाजता खुर्च्या दोन असतात. चहा ते करतात, साखर जरा जास्तच पडते. वाचून झालेला हप्ता मी तिथेच बसून टाइप करते. परवा नव्या रजिस्टरातला पाचवा हप्ता ॲपवर गेला आणि जुन्या वाचकांपैकी कुणीतरी खाली विचारलं, ‘ही पार्वता कोण? आधी नव्हती.’ मी ते भाऊंना वाचून दाखवलं, काय उत्तर देऊ विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“लिवा,” ते म्हणाले, “पयलेपासून होती. नाव घ्याचं राह्यलं होतं.”