कागद मारणारे भाऊ

कुठलीही महत्त्वाची गोष्ट करायच्या आधी भाऊ अर्धा श्वास सोडायचे. पूर्ण नाही, अर्धाच. छाती भरून हवा घ्यायची, निम्मी सावकाश जाऊ द्यायची, उरलेली तिथंच थांबवायची आणि मग बोट हलवायचं. आमच्या डब्लिनच्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर ग्राहकांसाठी खुलं करायची वेळ आली की शेवटचं बटण दाबायचं काम आपोआप त्यांच्याकडे यायचं. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागं उभे. कोणीतरी न राहवून म्हणायचं, "भाऊ, दाबा ना आता!"

"कायले घाई करून राहिले? बटण कुठं पळून नाही चाललं," असं म्हणून भाऊ पुन्हा पहिल्यापासून श्वास घ्यायचे.

हा ब्लड प्रेशरवाल्यांचा व्यायाम असावा, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

भाऊ नागपूरचे. माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आणि राहायला ॲडम्सटाउनमध्ये आमच्या मागच्याच गल्लीत. सकाळची गाडी आम्ही एकत्रच पकडायचो. किडकिडीत अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, आणि स्वभाव असा, की डब्यातल्या भाजीला मीठ कमी असलं तरी ते वहिनींना न कळता वरून घ्यायचे. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. कोणाशी भांडण नाही, कोणाबद्दल वाईट बोलणं नाही. आपण त्यांना 'गरीब माणूस' म्हणतो आणि विसरून जातो.

मग मी त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेले. कोट ठेवायला वरच्या खोलीत शिरले, तर भिंतीला बोल्टांनी जखडलेलं एक उंच लोखंडी कपाट. वहिनी मागून आल्या आणि सहज म्हणाल्या, "तिथं हात नको लावू गं. सवती झोपल्यात माझ्या."

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"खरंच सांगते. स्वीडनहून आल्यात. तीन."

कपाटात रायफली होत्या. स्वीडनच्या सैन्याच्या, जुन्या. भाऊंनी त्यांना नावं नव्हती दिली, पण घरात तिघींना थोरली, मधली आणि धाकटी असंच म्हणत. थोरली लांबलचक, शंभरी ओलांडलेली. मधली तिच्याच जातीची, पण आखूड. आणि धाकटी म्हणजे जुन्या सैनिकी रायफलीला नवी नळी बसवून खास नेमबाजीसाठी तयार केलेली. तिला दुर्बीण नव्हती. डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि नळीच्या टोकाला एक लहानसं कडं. छिद्रातून बघायचं आणि लांबचा काळा ठिपका त्या कड्याच्या बरोबर मधोमध आणायचा.

फराळाला आलेल्या मंडळींना ही बातमी कळली तेव्हा खाली चकल्या हातातच राहिल्या. पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे, शिकार वगैरे करता की काय?"

"छे हो. मी फक्त कागद मारतो," भाऊ म्हणाले.

हे अगदी खरं होतं. घरात कोळी निघाला तर हा माणूस पेल्यात धरून त्याला बागेत सोडून यायचा, आणि पाऊस असेल तर शेडमध्ये.

कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी रायफल हाती घेतली होती. नंतर नोकरी, लग्न, संसार, परदेश. चाळिशी उलटल्यावर इथं कोणीतरी त्यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि त्यांच्या हातात एक स्वीडिश रायफल दिली. पण आपण तिच्या प्रेमात का पडलो, याचं त्यांचं कारण वेगळंच होतं. एकदा मला त्यांनी थोरलीचा दस्ता हुंगायला लावला. "सांग, कशाचा वास?"

मी पुन्हा हुंगलं.

"जवस! स्वीडनची माणसं लाकडाला जवसाचं तेल पाजतात. पहिल्यांदा गालाला लावली न ही, तर डोळ्यांपुढं जवसाची चटणी आली. मी नेम धरायचं विसरून गेलो."

दुसरं कारणही होतं. ते फारसं सांगत नसत. "स्वीडननं कित्येक पिढ्या लढाई नाही केली. मोठ्या मेहनतीनं ह्या बनवल्या, पण माझ्या तिघींनी बहुतेक माणसावर कधीच गोळी नाही झाडली. सारा जन्म सरावात गेला." मग दस्त्यावरून अंगठा फिरवत म्हणायचे, "हे इथं बघ, गुळगुळीत झालंय. माझ्याआधी कोणाचा तरी गाल इथं टेकून गेलाय."

लायसन्सच्या वेळची गंमत वहिनी रंगवून सांगायच्या. घर तपासायला गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांचा एक सार्जंट आला होता. त्यानं कपाट पाहिलं, कुलपं पाहिली, आणि मग वहिनींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की घरात रायफली असण्याबद्दल तुमची काही तक्रार? वहिनी म्हणाल्या, "आहे. साफ करताना फार वास येतो." सार्जंटनं टिपून घेतलं की नाही माहीत नाही, पण सांबारवड्या मात्र त्यानं मन लावून खाल्ल्या आणि "ग्रँड, ग्रँड" करत गेला.

मी काही वेळा त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेले. मिडलँड्समध्ये, म्हणजे आयर्लंडच्या मधल्या पट्ट्यात, बॉगच्या कडेला, जिथं बघावं तिथं तपकिरी दलदल आणि खाली आलेलं आभाळ. पत्र्याच्या शेडखाली चटया अंथरून माणसं पालथी पडलेली. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, ओल्या जॅकेटातले. ड्रोहेडा गावाकडचा एक धिप्पाड शेतकरी भाऊंचा खास दोस्त. भाऊ आले की तो सगळ्यांना ओरडून सांगायचा, "नागपूर आलं रे!" त्याला भारतातलं तेवढं एकच गाव ठाऊक होतं आणि तिथं फक्त नेमबाज आणि संत्री पिकतात अशी त्याची समजूत होती. दुसरी समजूत वहिनींची. इथं 'युवर मॅन' म्हणजे 'तो अमुक माणूस', कोणीही. शेतकऱ्यानं एकदा रेंजच्या अधिकाऱ्याबद्दल विचारलं, "युवर मॅन कुठंय?" वहिनींनी लाजून भाऊंकडे बोट दाखवलं. त्यानंतर क्लबात भाऊंचं नावच 'युवर मॅन' पडलं.

वहिनी यायच्या त्या केवळ भाऊंनी जेवावं म्हणून. गाडीतच बसायच्या, काचा वर करून. प्रत्येक आवाजाला त्यांच्या हातातली लोकरीची सुई थबकायची.

एका वसंतात भाऊंच्या गोळ्या चुकायला लागल्या. आधी त्यांनी उजेडाला दोष दिला, मग काडतुसांना. मग एक दिवस चटईवरून उठून बसले आणि म्हणाले, "कड्याला पोचा आलाय." धाकटीच्या टोकाचं ते कडं त्यांनी काढून बोटांत फिरवलं. मला दिलं, शेतकऱ्याला दिलं. कडं अगदी गोल होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या ट्रेनमध्ये भाऊ माझ्यासमोर बसले होते. एक डोळा हातानं झाकून खिडकीकडे बघत राहिले. मग विचारलं, "ही खिडकीची चौकट वाकडी आहे का गं?"

"नाही, भाऊ."

"मधेच आत वळल्यासारखी?"

"सरळ आहे."

त्यांनी हात बदलून दुसरा डोळा झाकला, पुन्हा पाहिलं, आणि हलकेच म्हणाले, "मग पोचा माझ्यातच आहे."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत होता. कडेचं दिसायचं. जे नेमकं बघायचं तेच वितळायचं. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली. उजवा डोळा तरीही गेलाच. भाऊंनी डाव्या खांद्यावर रायफल घेऊन पाहिली. पण तिचा गोळी भरायचा खटका उजव्या बाजूला, प्रत्येक गोळीनंतर हात वरून पलीकडे न्यावा लागायचा आणि चष्मा खाली पडायचा. ते स्वतःच हसत म्हणायचे, "डावखुरी सून आणावी तशी गत झाली." वर्षाच्या आत डावा डोळाही त्याच वाटेला लागला. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. ऑफिसात अक्षरं मोठी करकरून काम चालू होतं.

मग एका दुपारी म्हणाले, "मला पोलिस स्टेशनवर सोडशील का?"

तोच सार्जंट होता, आता केस पिकलेला. भाऊंनी उभ्यानंच सांगितलं, "माझे डोळे गेलेत. मी आता रायफल ठेवू नये."

सार्जंटनं त्यांना बसवलं. म्हणाला, "तुमच्या लायसन्सची मुदत अजून पुष्कळ आहे. तुम्हाला कोणी विचारलं का काही?"

"कोणी नाही विचारलं. म्हणून तर आलो."

सार्जंटनं टेबलाच्या या बाजूला येऊन भाऊंशी हात मिळवला. बाहेर आल्यावर भाऊंना पायरी दिसली नाही. मी दंड धरला.

थोरली ड्रोहेडावाल्या शेतकऱ्यानं घेतली. कायदेशीर सोपस्कार झाल्यावर तो न्यायला आला तेव्हा भाऊंनी तिला शेवटचं तेल लावलं. तो दांडगा माणूस दारात टोपी हातात घेऊन उभा होता, मुलगी बघायला आल्यासारखा. मधली क्लबातल्याच दुसऱ्या एकाकडे गेली. धाकटीसाठीही माणूस ठरला होता. मी त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

पोळ्या लाटता लाटता वहिनी म्हणाल्या, "धाकटी नाही द्यायची."

"अगं, लायसन्स नाही राहणार आता. घरात ठेवता येत नाही."

"माझ्या नावावर करा."

भाऊंना वाटलं, थट्टा आहे. "तुला तर आवाजही सहन नाही होत."

वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. "नाही होत. पण तुम्ही चार महिने झाले घरी आलात की ह्या खुर्चीत बसून असता, तोंडातून शब्द नाही. तोही सहन नाही होत. तुम्ही शिकवा, मी मारीन कागद."

तव्यावरची पोळी करपली. वहिनींनी ती तशीच त्यांना वाढली आणि त्यांनी ती तशीच खाल्ली.

वहिनींनी क्लबाचं सभासदत्व घेतलं, सुरक्षिततेचा कोर्स केला. सार्जंट पुन्हा घरी आला. या वेळी त्यानं भाऊंना बाजूला घेऊन विचारलं, की घरात रायफल असण्याबद्दल तुमची काही तक्रार? भाऊ म्हणाले, "तिचा नेम बसला तर आहे."

पहिल्या दिवशी वहिनी सलवार-कमीजवर भाऊंचं जाड जॅकेट चढवून, बाह्या दुमडून चटईवर पालथ्या झाल्या. "या वयात रांगायला लावलं मला," हे त्यांचं पहिलं वाक्य. भाऊ शेजारी मांडी घालून बसले. समोरचा कागद त्यांना दिसत नव्हता. त्यांचं सगळं लक्ष वहिनींच्या श्वासाकडे होतं. "घे... सोड... थांब. नाही, हललीस तू. पुन्हा." पहिल्या सगळ्या गोळ्या मातीच्या बांधात गेल्या. संध्याकाळी वहिनींनी मला खांदा दाखवला, निळा-जांभळा झालेला. "बघ, कसा बुक्का मारला सवतीनं!" आवाजात तक्रार होती, पण लहान मुलीनं झाडावरून पडल्याची जखम दाखवावी तशी.

दर शनिवारी मी दोघांना घेऊन जायची. हळूहळू गोळ्या कागदावर आल्या, मग काळ्या ठिपक्याच्या आसपास. शेतकरी दुर्बिणीतून बघून निकाल ओरडायचा आणि वहिनी त्याच्याशी भांडायच्या, "नीट बघ! आठ नाही, नऊ आहे!" भाऊ घरी येऊन वहिनींची उलटतपासणी घ्यायचे, वारा कुठून होता, ऊन कधी आलं. खुर्चीतला माणूस पुन्हा बोलायला लागला होता. एकदा गाडीत ते मला म्हणाले, "ही मला पंचवीस वर्षांत जेवढी नाही समजली, तेवढी हिच्या श्वासावरून समजली." वहिनी मागच्या सीटवर होत्या. झोपेचं सोंग घेऊन ऐकत होत्या, मला आरशात दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भाऊ उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं. डब्लिनच्या स्मशानात आम्ही मराठी मंडळी होतो, ऑफिसातली होती, आणि सगळ्यात मागं क्लबातले म्हातारे, इस्त्री केलेल्या कोटांत, ओळखूच येईनात असे. इथं काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी बाकीच्यांकडे पाहून, एकेकानं पुढं येऊन, हात जोडले. शेतकऱ्याचे जोडलेले हात बराच वेळ सुटले नाहीत.

वहिनी रडल्या नाहीत. आल्यागेल्याचं सगळं त्यांनी केलं. नागपूरहून दीर आले, चला म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बघू." मार्चमध्ये एका शुक्रवारी त्यांचा फोन आला, "उद्या मोकळी आहेस का? रेंजवर जाऊ."

त्या दिवशी पाऊस नव्हता. वहिनींनी एकट्यानं चटई अंथरली, अर्धा श्वास सोडत गोळ्या झाडल्या. चांगल्या बसल्या. रायफल पुसत असताना क्लबात नवीनच आलेला एक माणूस जवळ आला. त्याला आधीचं काहीच माहीत नव्हतं. धाकटीकडे कौतुकानं बघत म्हणाला, "काय सुंदर रायफल आहे! तुमच्या यजमानांची का?"

वहिनींनी फडक्याची घडी केली. "नाही," त्या म्हणाल्या. "माझी."

त्यानं मान डोलावली आणि पुढं गेला.

परतताना त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. बॉग संपली, मोटरवे लागला. मग एकदम त्यांनी विचारलं, "मी खोटं नाही ना गं बोलले?"

"नाही, वहिनी. लायसन्स तुमच्याच नावावर आहे."

"ते नाही म्हणत मी. त्यांची नाही, असं म्हणाले ना मी," त्या म्हणाल्या, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, पदरासारखी ओढणी तोंडावर घेऊन, मोठ्यानं रडल्या. मी गाडी कडेला घेतली आणि दिवे चमकते ठेवून त्यांच्या शेजारी बसून राहिले.